थोरले आणि धाकटे

१२ मार्च

भाऊजी,

तुम्ही वयानं माझ्याहून चार वर्षांनी मोठे आणि नात्यानं मी मोठी. त्यामुळे तुम्हाला नमस्कार लिहावा की आशीर्वाद, हा घोळ लग्नापासून मिटलेला नाही. दोन्ही लिहिते. हवा तो ठेवा, उरलेला मुलांना वाटा.

कागद पाठकोरा आहे म्हणून नाराज होऊ नका. मागे यांनी काढलेलं खुर्चीच्या पायाचं चित्र आहे. ते तुमच्याकडे राहिलेलं बरं. आईंचं ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, त्याही कुरकुरतात, दोघांचं छान जमतं.

परवा यांना जाऊन दोन महिने झाले. इतके दिवस मी मागची खोली उघडली नव्हती. किल्ली कमरेला होती, पण पाय उचलत नव्हता. सोमवारी देवापुढे दिवा लावला, कडी काढली आणि आत गेले. ढलप्या जशा पडल्या होत्या तशाच होत्या. केरसुणी घेऊन गेले होते, ती तशीच परत आणली.

उघडलं ते अशासाठी की दवाखान्यातल्या बाईंचा मोठा वाडगा अर्धा राहिला आहे. तोच तो वाडगा, चालू लेथवरून सुटला आणि यांच्या कपाळावर बसला. बाई म्हणाल्या, मला नको आता, कसं घेऊ? पण यांनी हातात घेतलेलं काम अर्धं राहिल्याचं मला आठवत नाही. गल्लीच्या टोकाच्या मिस्त्रींना बोलावलं. यांचे तीस वर्षांचे दोस्त, सगळ्या जगाची फिरकी घेणारे. त्यांनी वाडगा उलटा केला, लेथचा चक पाहिला आणि म्हणाले, "वहिनी, हे भाऊंनी धरलं होतं यात? हे जबडे म्हणजे चिमणीची चोच. एवढ्या धुडाला हे कोण लावतं?" मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "होतं कधी कधी. वय होतं माणसाचं."

भाऊजी, ते शब्द माझ्या मनातून जात नाहीत. यांचं वय एकसष्ट. सुईत दोरा एका दमात ओवायचे. तेव्हा मला एवढंच सांगा, जबडे कोणते लावायचे हे कसं ठरवतात? मी मॅट्रिक झालेली आहे. सावकाश लिहिलंत तर समजेल.

आणि एक गोष्ट तुम्हाला सांगितलेली नाही. लेथ चालू असताना आमच्याकडे हाक मारायची नाही असा नेम होता. मागच्या खोलीतल्या दिव्याचं बटण स्वयंपाकघरात आहे. मी ते दोनदा खालीवर करायची, दिवा लुकलुकला की हे हत्यार बाजूला ठेवून मशीन बंद करायचे. अपघाताच्या चार दिवस आधी तो दिवा उडाला होता. नवा आणायला मी बाजाराच्या दिवसापर्यंत थांबले, एका फेरीत दोन कामं होतील म्हणून. आणि त्या दुपारी पानं वाढून झाली तेव्हा मी दारातून हाक मारली. "अहो, येता ना?" एवढीच. यांनी मान वळवली. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

त्या दिवसापासून या घरात मी कुणाला हाक मारलेली नाही. जवळ जाते आणि खांद्याला हात लावते. आईंना वाटतं माझा घसा बसला आहे.

तुमची वहिनी


२० मार्च

वहिनी,

तुमचे नमस्कार मी ठेवले, आशीर्वाद मुलांना दिले. उलट केलं असतं तर मुलांनी हिशोब मागितला असता.

हाकेचं मनातून काढून टाका. हात जोडून सांगतो. लेथवर काम करणारा माणूस दिवसातून दहा वेळा मान वळवतो. माशी आली तरी वळवतो. हत्यार लाकडात अडकतं, दणका बसतो, आम्ही एक शिवी घालतो आणि पुढे जातो.

आता तुम्ही विचारलंत म्हणून. चक म्हणजे लेथच्या तोंडाशी फिरणारी मूठ समजा. मुठीला चार बोटं, तेच जबडे. ही बोटं बदलता येतात, लहान कामाला लहान, मोठ्याला मोठी. वाडग्याच्या बुडाशी एक गोल खुंट ठेवतात, जबडे तो बाहेरून आवळतात. किंवा बुडात गोल खळगा कोरतात, आणि जबडे आतून फाकून धरतात. चिरलेल्या लाकडाला आतून धरू नये, ते उकलतं. खुंट वाडग्याच्या तोंडाच्या तिसऱ्या हिश्शाहून बारीक नसावा. आणि मुख्य म्हणजे जबडा खुंटाच्या मापाचा हवा. चारही जबडे मिटत आले की त्यांचं एक वर्तुळ होतं. तेवढ्याच मापाचा खुंट असला तर जबडे सगळीकडून टेकतात. फार उघडायला लागले तर नुसते कोपरे टेकतात. दादा म्हणायचा, जबडा निवडणं म्हणजे जावई निवडणं. फार आवळणारा नको, फार सैल नको, आणि मुळात घराच्या मापाचा हवा.

हे सगळं दादानंच शिकवलं मला, कानाला धरून. मिस्त्रींचं बोलणं मनावर घेऊ नका. पण वहिनी, तो वाडगा राहू द्या. कोणते जबडे होते, का होते, हे आता बघून काय हाती येणार? खोली बंद करा. मशीन विकायचं असेल तर मी गिऱ्हाईक बघतो.

आईंना सांगा, गुडघ्याला शेक देत जा.

धाकटा


३ एप्रिल

भाऊजी,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. तुम्ही राहू द्या म्हणालात, पण समजावलंत इतकं छान की राहवलं नाही. शिवणकामाची टेप घेऊन गेले. वाडग्याचं तोंड पंधरा इंच. म्हणजे खुंट पाच तरी हवा. आहे पावणेतीन. आणि त्यावर लाकडात दाबल्याच्या खुणा आहेत. बोट फिरवून मोजल्या, आठ भरल्या. चार जबड्यांचे आठ कोपरे. म्हणजे तुम्ही लिहिलंत तसे नुसते कोपरेच टेकले होते.

मग जो माणूस हे कान धरून दुसऱ्याला शिकवतो, त्यानं स्वतः असं का करावं? मिस्त्री म्हणतात तसं डोकं चालेनासं झालं होतं का? मी तीस वर्षं रोज समोर बसून जेवले आणि मला कळलं नाही?

खिडकीखालच्या फडताळात एक लाकडी पेटी सापडली. आत कापडाचं अस्तर, आणि आठ खाचा. चार लहान, त्यात जबडे नाहीत, कारण ते चकावर आहेत. चार मोठ्या, त्याही रिकाम्या. सगळी खोली झाडून पाहिली. हो, अखेर झाडली. मोठे जबडे कुठेच नाहीत.

आता इथे माझ्याकडून वाईट झालं. मला वाटलं, या तीन महिन्यांत खोलीत आलं कोण? एकटे मिस्त्री. मी त्यांना विचारलं. चोरलेत का असं नाही विचारलं, "चुकून तुमच्या सामानात गेले नाहीत ना?" असं विचारलं. ते खोलीत यांचा रंधा पुसत होते. तो त्यांनी जागच्या जागी ठेवला, चपला घातल्या आणि म्हणाले, "वहिनी, या घरचं पाणी तीस वर्षं प्यायलो. आता बाहेर पिईन." तेव्हापासून आलेले नाहीत. गल्लीत दिसले की रस्त्याची दुसरी बाजू धरतात. तुम्हीच सांगा, त्यांनी नाही तर कुणी नेले?

तुमचं पत्र मला फार खिन्न वाटलं. म्हणून ठेवणीतली एक गोष्ट देते. आईंना सांगितली होती, तुम्हाला सांगायचा तेव्हा धीर झाला नाही, तुम्ही आधीच इतके रडत होता.

दवाखान्यात नेल्यावर हे एकदाच शुद्धीवर आले. मी हात धरून होते. ओठ हलले म्हणून कान जवळ नेला. "धाकटे," म्हणाले. थांबून पुन्हा, "धाकटे." मग काही नाही.

एरवी तुम्हाला काय म्हणायचे ते तुम्हाला ठाऊकच आहे. धाक्या. आमचं शेंडेफळ. फार लाडात आले तर धाकटं गाढव. त्या दिवशी धाकटे म्हणाले, अहो-जाहो केल्यासारखं. मला वाटतं, जाताना माणसाला कळत असावं, कुणाचा मान राखायचा राहून गेला ते. आईंना तर त्या एका शब्दावर दिवस ढकलता येतो. दार वाजलं की येईल त्याला सांगतात, "थोरल्याच्या तोंडी शेवटी धाकट्याचं नाव होतं." परवा दूधवाल्याला सांगत होत्या. त्याला बिचाऱ्याला उशीर होत होता, तरी तो उभा राहिला.

शेवटी बायकोचं नाव नव्हतं, याचं मला वाईट वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, पहिले दोन दिवस वाटलं. मग नाही.

वहिनी


११ एप्रिल

वहिनी,

मिस्त्रींकडे आजच जा. माझं पत्र पुढे वाचायच्या आधी जा. त्यांनी काही नेलेलं नाही.

जबडे माझ्याकडे आहेत. या क्षणी समोर टेबलावर आहेत.

नोव्हेंबरात मी आलो होतो तेव्हा नेले. मला मोठ्या परातींचं काम मिळालं होतं आणि माझ्याकडे त्या मापाचे नव्हते. दादा म्हणाला, "ने. पण महिन्यात परत कर, तोवर मी मोठं काम घेत नाही." तुम्ही आईंना घेऊन बाहेर गेला होतात. पिशवीत टाकले आणि निघालो. घरातल्या घरात नेलं, त्याचं कुणाला काय सांगायचं?

महिना झाला. काम वाढलं. डिसेंबरात दादाचं कार्ड आलं. ते माझ्यापाशी आहे, शब्द न् शब्द उतरवतो. "थोरले पाठव. मोठं काम आलं आहे, धाकट्यांवर भागणार नाही." मी उलट कार्ड टाकलं, आठवड्यात पाठवतो. पाठवले नाहीत. वाटलं, चार दिवसांनी काय बिघडतं. दादाच आहे, थांबेल.

वहिनी, आता नीट वाचा. थोरले म्हणजे मोठे जबडे. धाकटे म्हणजे लहान जबडे. आम्ही दोघं त्या खोलीत एकत्र काम करायचो तेव्हा दादानं ही नावं ठेवली, मला चिडवायला. मोठं काम आलं की म्हणायचा, "थोरले लाव, धाकट्यांच्यानं काय होतंय." तुम्ही त्या खोलीत कधी येत नव्हता आणि मी वेगळा झाल्यावर दादाला ही नावं घ्यायला तिथे कुणी उरलं नाही. तुम्हाला कशी कळणार?

मला दादानं जन्मात धाकटे म्हटलं नाही. तो माझं नाव घेत नव्हता. काय झालं ते तुम्हाला सांगत होता. धाकट्यांनी धरलं नाही.

तुमच्या हाकेनं त्यानं मान वळवली असेल. वळल्यावर हत्यार अडकलं असेल. पण चकात थोरले असते तर फार तर पट्टा घसरला असता, मशीन घरघरून थांबलं असतं आणि दादा जेवायला आला असता. लाकूड सुटलं ते जबड्यांमुळे. दादाचं डोकं ठिकाणावर होतं. त्याच्याकडे जे होतं त्यात त्यानं भागवलं.

तो गेल्यावर मी आलो तेव्हा जबडे माझ्या पिशवीत होते. गुपचूप पेटीत ठेवून द्यायचे असं मनात होतं. खोलीला कुलूप होतं आणि किल्ली तुमच्या कमरेला. पाच दिवस मी ती किल्ली बघत बसलो. तुम्ही म्हणता मी फार रडत होतो. रडत होतो ते खरं, पण सगळंच दादासाठी नव्हतं.

आईंना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मला काही विचारू नका. मला नाही म्हणवणार नाही आणि होही म्हणवणार नाही.

धाकटा


२१ मे

भाऊजी,

आज वर नमस्कारही नाही आणि आशीर्वादही नाही. जो मनात नाही तो लिहू नये.

चाळीस दिवस उत्तर लिहिलं नाही. आधी लिहिलेली दोन पत्रं चुलीत घातली. मी कागद कधी वाया घालवत नाही, त्यावरून काय लिहिलं असेल ते ओळखा.

मिस्त्रींकडे त्याच दिवशी गेले होते. दारातच म्हटलं, चुकले. ते म्हणाले, "मी चोर नाही हे तुम्हाला पंधरा दिवसांत कळलं. आमच्या हिला अजून कळलेलं नाही." मग आत बोलावलं. चहा प्यायले. जबडे कुठे होते हे मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. माझं तोंड बघून त्यांना कळलं असावं. उठताना एवढंच म्हणाले, "वयाचं बोललो ते मागे घेतो."

तुमचा राग आला. इतका की देवापुढे बसले तरी तुमचेच विचार. मग हळूहळू एकेक आठवायला लागलं. डिसेंबरात यांनी माझ्याकडे कार्ड मागितलं होतं, ते मीच काढून दिलं. काय लिहिलं ते मी पाहिलं नाही. जानेवारीत दवाखान्यातल्या बाई दोनदा येऊन गेल्या. मी यांना म्हटलं, "माणसाला किती खेपा घालायला लावायच्या?" हे म्हणाले, "थोडं थांबू दे." मी म्हटलं, "शब्द दिलाय ना?" त्यावर उठून खोलीत गेले. "अहो, तुम्ही भावाला पुन्हा एक कार्ड टाका," असं म्हणायला मला ठाऊक हवं होतं. आणि यांनी तुम्हाला दुसरं कार्ड टाकलं नाही, कारण भावाकडे दोनदा मागणं यांच्या रक्तात नव्हतं. भीड. सगळ्या जन्माची भीड.

तेव्हा तुमची चालढकल, माझी घाई, यांची भीड. कुणाचं किती, हे मी खूप दिवस वाटून पाहिलं. वाटलं जात नाही. एकाचं उचललं की दुसऱ्याचं त्याला चिकटून येतं.

पण तुम्ही लिहिलंत हे बरं केलं. न लिहिता तुमचं निभावलं असतं. मी मिस्त्रींना आयुष्यभर चोर म्हटलं असतं, यांना मनातल्या मनात वेंधळं म्हटलं असतं, आणि तुम्हाला दरवर्षी आशीर्वाद लिहिले असते. गेल्या आठवड्यात मी अंगणातून आईंना हाक मारली. वाळवण उचला म्हणून. आवाज चिरकला. आई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बरा झाला वाटतं घसा." मी हो म्हटलं.

वाडगा मिस्त्री पुरा करणार नाहीत. मीच नको म्हटलं. यांच्या हाताच्या जेवढ्या रेघा आहेत तेवढ्याच राहू देत. जबडे परत पाठवू नका. वापरा. यांच्या शब्दात सांगते, धाकट्यांवर मोठं काम कधी चढवू नका.

आता आईंचं. मी त्यांना सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. त्यांना दोन मुलगे होते. एक गेला. दुसरा मी त्यांच्याकडून घेणार नाही. मी खोटं बोलत नाही, तुम्हाला माहीत आहे, म्हणून यावर फार विचार केला.

जूनमध्ये या. आई तुम्हाला जवळ बसवून घेतील, हात हातात घेतील आणि विचारतील, "थोरला शेवटी धाकटे म्हणाला ना रे?" त्या येईल त्याला सांगतात, तुम्हाला तर विचारणारच. कदाचित रोज विचारतील. तुम्हाला खाली बघायचं असेल तर बघा, त्यांना आता नीट दिसत नाही. उठून जाऊ नका. तुम्हाला दुसरी शिक्षा माझ्याकडून नाही. हो म्हणायचं. त्यात खोटं काही नाही. धाकटेच म्हणाले होते, मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

वहिनी